सेथ सुटली, पण मोकळी झाली का?

एम. ए. इंग्रजीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’ या कादंबरीतील ‘स्वातंत्र्य आणि रेझिलियन्स’ या विषयावर तिला दीर्घ निबंध लिहायचा आहे आणि ती अडली आहे. ती लिहिते: “सेथ १८५५ मध्ये केंटकीतल्या मळ्यावरून पळून ओहायोत येते. १८६५ मध्ये गुलामगिरीच कायद्याने संपते. तरी १८७३ मध्ये ती स्वतःच्याच घरात कोंडल्यासारखी राहते आहे. मग तिला स्वतंत्र कसं म्हणायचं? आणि जी आई पोटच्या मुलीचा गळा चिरते, तिच्याबद्दल रेझिलियन्स हा शब्द वापरायचा तरी कसा? गाइडमध्ये त्याचा अर्थ ‘लवचिकता’ असा दिला आहे.”

ही कादंबरी मी बावीस वर्षं वर्गात शिकवली. तुमची अडचण खरी आहे आणि ती सोडवायला गाइडचा उपयोग नाही. ‘लवचिकता’ हा शब्द आधी खोडून टाका. लवचिक असतो तो वेत. वाकवला की वाकतो, सोडला की पहिल्यासारखा सरळ होतो. सेथच्या पाठीवरच्या चाबकाच्या वळांचं अख्खं झाड झालं आहे, बुंधा, फांद्या, पानं सगळं. अठरा वर्षांनंतरही त्या कातडीला स्पर्श कळत नाही. तिथे पहिल्यासारखं काहीच झालेलं नाही. आपल्या बोलीत याहून चांगला शब्द आहे: तग धरणं. पावसाने दडी मारली तरी ज्वारी तग धरून राहते, असं आपण म्हणतो तेव्हा ती डुलते आहे असं आपल्याला म्हणायचं नसतं. ती अजून मेलेली नाही, एवढंच. दाणा भरायचा तर पाणी बाहेरूनच यायला हवं. निबंधभर हे चित्र मनाशी ठेवा, कारण कादंबरीचा शेवटचा तिसरा भाग तेच सांगतो.

‘फ्रीडम’चंही तसंच. इंग्रजीत त्या एका शब्दात दोन गोष्टी मावतात. आपल्याकडे सुटका वेगळी आणि मोकळं होणं वेगळं. तुरुंगातून माणूस सुटतो, पण त्याचं मन मोकळं झालं की नाही हे वेगळं विचारावं लागतं. सेथ नदी ओलांडून सुटली. मोकळी झाली का, हे विचारायला मॉरिसन यांनी अख्खी कादंबरी लिहिली. स्वतःला सोडवणं ही एक गोष्ट आणि त्या सुटलेल्या ‘स्वतः’वर हक्क सांगणं ही दुसरी, असा फरक त्या एका ठिकाणी उघडच करतात. तुमच्या निबंधाचा कणा तिथे आहे.

आता इतिहास. तो थोडक्यात द्या, पण वगळू नका. जानेवारी १८५६ मध्ये ओहायो नदी गोठली होती. केंटकीतल्या बून काउंटीतली मार्गारेट गार्नर ही जेमतेम बाविशीची गुलाम स्त्री नवरा, चार मुलं आणि सासू-सासऱ्यांसह बर्फावरून चालत नदी ओलांडून सिनसिनाटीत आली. काही तासांतच मालक आणि मार्शल दारात उभे राहिले. परत जावं लागणार हे दिसताच तिने दोन वर्षांच्या मुलीचा सुरीने गळा चिरला. बाकीच्या मुलांनाही मारायला ती निघाली होती, तेवढ्यात पकडली गेली. ओहायो हे मुक्त राज्य होतं, पण १८५० च्या फरारी गुलामांच्या कायद्यामुळे मुक्त राज्यातूनही माणूस ओढून नेता येत असे. खटले चालवणाऱ्या आयुक्ताला मालकाच्या बाजूने निकाल दिला तर १० डॉलर मिळत आणि गुलामाच्या बाजूने दिला तर ५. हा तपशील निबंधात जरूर घ्या. न्यायाच्या तराजूत वजन कसं टाकलं होतं ते त्यावरून कळतं.

त्या खटल्यात एक विलक्षण पेच होता. गुलामगिरीच्या विरोधकांना तिच्यावर खुनाचा खटला चालायला हवा होता. खून माणूस करतो. तिच्यावर खुनाचा आरोप ठेवला तर ती माणूस आहे आणि ती मुलगीही माणूस होती, हे कोर्टाला मान्य करावं लागलं असतं. मालकाच्या दृष्टीने तो फक्त पळालेल्या मालमत्तेचा प्रश्न होता आणि निकाल त्याच्याच बाजूने लागला. मार्गारेटला परत पाठवलं, मग आणखी दक्षिणेकडे. वाटेत बोटीच्या अपघातात तिचं तान्हं बाळ बुडालं. १८५८ मध्ये ती स्वतः विषमज्वराने गेली.

रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेत संपादक असताना मॉरिसन यांच्या हाती या बाईच्या तुरुंगातल्या भेटीचं १८५६ मधलं कात्रण आलं. १९७४ मध्ये निघालेल्या ‘द ब्लॅक बुक’ या संकलनाचं काम तेव्हा चालू होतं. कादंबरी आली १९८७ मध्ये. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं आणि १९९३ मध्ये मॉरिसन यांना नोबेल. अर्पणपत्रिकेत त्यांनी सहा कोटी आणि त्याहून अधिकांचं स्मरण केलं आहे.

पण मॉरिसन यांनी मूळ घटनेत एक बदल केला आणि सगळा अर्थ त्या बदलात आहे. खरी मार्गारेट परत गेली. कादंबरीतल्या सेथला परत नेत नाहीत. मालक तिला सोडून देतो, कारण त्याच्या हिशेबाने हा माल आता बिघडला. ती तुरुंगातून सुटून त्याच घरात येते, सिनसिनाटीच्या ब्लूस्टोन रस्त्यावरच्या १२४ क्रमांकाच्या घरात, आणि जगते. रोज सकाळी हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला जाते, कणीक मळते. मेलेल्या मुलीचं भूत घरात वावरत असतं. म्हणजे कादंबरी पळून जाण्याची नाही, पळून आल्यानंतरच्या अठरा वर्षांची आहे. पलायनाच्या प्रसंगांवरच अर्धा निबंध खर्च झाला तर हातात काही राहत नाही.

सेथच्या वाट्याला निर्भेळ असं स्वातंत्र्य किती आलं? अठ्ठावीस दिवस. १२४ मध्ये पोचल्यापासून मालक दारात येईपर्यंत चंद्राचा एक फेरा. त्या दिवसांत ती काय करते ते नीट वाचा. शेजारणींशी बोलते, त्यांची नावं जाणून घेते, भरतकामाचा नवा टाका शिकते. सकाळी उठून आज काय करायचं ते स्वतः ठरवते. आणि मुलांवर जीव लावते. पुढे ती पॉल डीला, मळ्यावर तिच्याबरोबर राबलेल्या जुन्या सोबत्याला, सांगते की केंटकीत मुलांवर नीट प्रेमच करता येत नव्हतं, कारण ती तिची नव्हतीच. गाडीतून उतरल्यावर या जगात असं कोणीच उरलं नाही ज्याच्यावर तिला हवं तेवढं प्रेम करता येणार नाही. पॉल डीला ते तत्काळ पटतं. कोणाची परवानगी न मागता हवं त्याला जीव लावता येणं, हेच स्वातंत्र्य, असं तो मनाशी म्हणतो. मतदान, जमीन, पगार यांचा तिथे उल्लेखही नाही. वर्गात मी या पानावर नेहमी थांबत असे, कारण इतक्या साध्या शब्दांत स्वातंत्र्याची व्याख्या मी दुसरीकडे वाचलेली नाही.

लाकडाच्या शेडमध्ये ती मुलीचा गळा चिरते, ते याच प्रेमातून घडतं. म्हणून तो प्रसंग दूर सारून रेझिलियन्सबद्दल लिहिता येत नाही. आणि मॉरिसन तो आपल्याला पहिल्यांदा कोणाच्या डोळ्यांनी दाखवतात? मालकाच्या. चार घोडेस्वार येतात: स्कूलटीचर (मळ्याचा नवा मालक, कादंबरीत त्याला याच नावाने ओळखतात), त्याचा पुतण्या, गुलाम पकडणारा आणि शेरीफ. प्रकरण त्यांच्या मनातून चालतं. मेलेल्या सापाला किंवा अस्वलाला निदान कातड्याची किंमत येते, मेलेल्या गुलामाला काहीच येत नाही, हा त्यांचा विचार. शेडमध्ये रक्त बघून स्कूलटीचर हिशेब करतो की इथून नेण्याजोगं काही उरलं नाही. पुतण्याने या बाईला जास्तच मारलं म्हणून ती बिथरली, जसा घोडा किंवा शिकारी कुत्रा जास्त मारला की बिथरतो. ते पान वाचताना अंगावर काटा येतो तो रक्तापेक्षा त्या हिशेबाने. आपल्या मुलांना तिने ज्यापासून वाचवायचं ठरवलं ती हीच नजर, हे वाचकाला आधी आतून दाखवून मग तिची बाजू ऐकवली जाते.

त्या नजरेचं मूळ मळ्यावर आहे. मळ्याचं नाव ‘स्वीट होम’. कादंबरीतल्या पहिल्या मालकाचं आडनावही गार्नरच. तो स्वतःला चांगला समजतो. इतर मालक गुलामांना ‘बॉय’ म्हणत, तो आपल्या गुलामांना पुरुष म्हणतो, त्यांचं मत विचारतो, हाती बंदूकही देतो. तो मरतो, त्याच्या जागी स्कूलटीचर येतो आणि सगळं परत घेतो. पॉल डीला फार उशिरा कळतं की आपलं पुरुषपण मळ्याच्या कुंपणापर्यंतच होतं आणि तेही एका गोऱ्या माणसाच्या बोलण्यावर टिकून होतं. परवानगीने मिळालेलं स्वातंत्र्य परवानगीबरोबर जातं. चांगला मालक आणि वाईट मालक यांत फरक आहे का, असं सेथ नवऱ्याला विचारते. हॅले म्हणतो, दोघे म्हणतात एकच, एक हळू म्हणतो, एक ओरडून.

हॅलेचा हिशेब वर्गात फळ्यावर मांडावा असा आहे. त्याने पाच वर्षांचे रविवार दुसरीकडे राबून आईला विकत घेतलं आणि सोडवलं. आता त्याला बायको आणि मुलं सोडवायची आहेत. नवा मालक बाहेरचं काम बंद करतो. मग हॅले विचारतो, माझी सगळी मेहनत मळ्याची, वरचीसुद्धा मळ्याची, तर माझ्याकडे विकायला उरलं काय? एका वर्षी या ओळीवर मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “मॅडम, ही तर उचल झाली.” तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. मुकादमाची उचल फेडायला एक हंगाम, ती फिटत नाही म्हणून पुढचा हंगाम. मी तिला सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते, की या दोन गोष्टी एक नाहीत. अमेरिकेतल्या गुलामाची मुलं जन्मतःच मालकाची असत आणि बाजारात विकली जात. ती तुलना निबंधात ओढून आणू नका. पण त्या मुलीला हॅलेचं वाक्य समजावून सांगावं लागलं नाही, हे मी विसरले नाही.

स्वीट होममधली मला सर्वांत छळणारी गोष्ट चाबूक नाही, शाई आहे. स्कूलटीचर दोरीने गुलामांची डोकी मोजतो, वहीत टिपणं करतो. एके दिवशी सेथ त्याला पुतण्यांना शिकवताना ऐकते: हिचे माणसाचे गुण डावीकडे लिहा, जनावराचे उजवीकडे. ज्या शाईने ते लिहितात ती सेथने बनवलेली असते. कृती मालकिणीची, पण स्कूलटीचरला सेथने कालवलेलीच शाई आवडते. आयुष्यभर तिला हे बोचत राहतं की शाई मी केली नसती तर त्याला ते लिहिता आलं नसतं. अत्याचार करणाऱ्याच्या हातात आपल्याच हातची वस्तू असणं, ही जखम चाबकापेक्षा खोल जाते. आपल्या मुलांना कोणीही त्या उजव्या रकान्यात लिहू नये, हे तिचं शेडमधलं कारण आहे.

आणि दूध. पुतण्यांनी तिला गोठ्यात धरून तिचं अंगावरचं दूध काढून घेतलं. ओहायोत पुढे पाठवलेल्या तान्ह्या मुलीसाठी ते दूध होतं. पॉल डी विचारतो, तुला चाबकाने मारलं, पोटुशी असताना? ती पुन्हा पुन्हा म्हणते, माझं दूध घेतलं. त्याला मार दिसतो, तिला दूध. दोघांच्या बोलण्यातला हा अडसर लक्षात घेतला तर स्वतःच्या देहावरचा हक्क म्हणजे या कादंबरीत नेमकं काय, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

देहाचा विषय निघाला की बेबी सग्ज येते, हॅलेची आई. निबंधात तिला सेथइतकीच जागा द्या. साठी उलटलेली, कंबर कायमची दुखावलेली बाई. मुलाने विकत घेऊन सोडवलं तेव्हा तिला वाटतं, या वयात स्वातंत्र्य घेऊन करायचं काय? ओहायोच्या जमिनीवर पाय ठेवल्यावर ती आपल्या हातांकडे बघते आणि तिला पहिल्यांदा दिसतं की हे हात माझे आहेत. मग छातीत धडधड जाणवते. हृदय आधीपासूनच चालू होतं, पण तिला ते आत्ता ऐकू येतं. ती हसायला लागते. गार्नर विचारतो, काय झालं हसायला? ती सांगते, माझं काळीज धडधडतंय. नंतर ती त्याला विचारते की मला सगळे जेनी का म्हणतात. तो सांगतो, विक्रीच्या चिठ्ठीवर तेच नाव होतं. साठ वर्षं तिने कोणाला विचारलं नाही आणि तिला कोणी विचारलं नाही. ती नवऱ्याने दिलेलं नाव ठेवते, कारण तो कधी शोधत आला तर त्याच नावाने विचारेल.

पुढे हीच बाई रानातल्या मोकळ्या जागेत आपल्या लोकांना जमवते. मुलांना हसायला सांगते, पुरुषांना नाचायला, बायकांना रडायला. पाप धुऊन टाका असं ती सांगत नाही. आपले हात, मान, यकृत, काळीज यांच्यावर प्रेम करा म्हणते, कारण बाहेरच्या जगाला ते नकोत. धर्मगुरूकडून लोक सहसा आत्म्याबद्दल ऐकतात. बेबी सग्ज यकृताबद्दल बोलते, कारण ज्यांचा देह विकला गेला त्यांना आधी देह परत मिळवून द्यायचा आहे. आणि हीच बाई शेडमधल्या घटनेनंतर अंथरुणाला खिळते, रंगांचा विचार करत मरते. म्हणून तग धरण्याला तिचं उदाहरण देताना तिचा शेवट लपवू नका. ती सुनेला दोषही देत नाही आणि तिने केलं ते बरोबरही म्हणत नाही. गोरे लोक आपल्या अंगणात घुसले, एवढं एकच सत्य तिला मोडून टाकतं.

आता आठवणींबद्दल, कारण स्वातंत्र्याचा अडथळा तिथे आहे. सेथचा एक स्वतःचा शब्द आहे, ‘रिमेमोरी’. तिला वाटतं की आठवण डोक्यात नसते, बाहेर जगात उभी असते. घर जळालं तरी त्याचं चित्र त्या जागी राहतं आणि दुसरा कोणी तिथून गेला तर त्यालाही ते धडकेल. इंग्रजीत ‘आय रिमेंबर’ म्हणताना माणूस कर्ता असतो, म्हणून मॉरिसन यांना नवा शब्द घडवावा लागला. मराठीत आपण ‘मला आठवतं’ म्हणतो. आठवण येते, आपण ती करतोच असं नाही. ‘आठवण’ हा शब्द कर्ता आणि आपण ‘मला’. सेथचं म्हणणं आपल्या व्याकरणात निम्मं आधीच आहे. तुम्ही मराठीत विचार करून इंग्रजीत निबंध लिहिणार असाल तर याचा फायदा करून घ्या. कायदा सेथला मालकापासून सोडवू शकतो. जी आठवण स्वतःहून चालत दारात येते, विसाव्या वर्षीच्या मुलीचं रूप घेऊन, भिजलेली, नव्या कातडीची, गळ्यावर व्रण असलेली, तिच्यापासून कसा सोडवणार? हीच बिलव्हेड. ती भूत आहे की खरी मुलगी, या वादात फार शिरू नका. कादंबरी दोन्ही शक्यता उघड्या ठेवते.

पॉल डीची तग धरण्याची रीत वेगळी आहे आणि ती दाखवली तर निबंध एकसुरी होणार नाही. त्याने काळजाच्या जागी तंबाखूची पत्र्याची डबी ठेवली आहे, गंजून बंद झालेली. तोंडात लोखंडी लगाम घालून बसवलं असताना समोर कोंबडा दिमाखात फिरत होता आणि तो आपल्यापेक्षा मोकळा दिसत होता, ती आठवण त्या डबीत आहे. जॉर्जियातला तुरुंगही त्यातच. त्याचा नियम एकच: हातचं राखून जीव लावायचा. थोडंसंच प्रेम करायचं, म्हणजे ते हिरावून नेलं तरी पुढच्यासाठी काही उरेल. इतकं जीव लावणं धोक्याचं आहे, असं तो सेथच्या प्रेमाबद्दल म्हणतो. सेथचं उत्तर असं की पातळ प्रेम हे प्रेमच नाही. दोघेही तग धरून आहेत. एकाने सगळं बंद करून, दुसरीने सगळं एका ठिकाणी ओतून. आणि दोघांनाही त्याची किंमत द्यावी लागते. चिवटपणा म्हणजे सद्गुण असं गृहीत धरून लिहिणाऱ्यांचे निबंध इथे फसतात. जगायला मदत करणारी सवय पुढे जगण्याच्या आड येते, हे मॉरिसन या दोघांतून दाखवतात.

स्वीट होममधल्याच सिक्सो या गुलामाबद्दल दोनच वाक्यं पुरेत. जिवंत जाळलं जात असताना तो हसतो आणि ‘सेव्हन-ओ’ असं ओरडतो, कारण त्याची बाई त्याचं मूल पोटात घेऊन निसटली आहे.

आता ज्या भागासाठी मी ज्वारीचं पीक वर काढलं तो भाग. सेथवर हल्ला गोऱ्यांनी केला, पण तो होऊ दिला आपल्याच लोकांनी. सेथला नदीपार आणणाऱ्या स्टँप पेडने १२४ मध्ये दोन बादल्या ब्लॅकबेरी आणल्या, त्यांचे ‘पाय’ (फळं भरून भाजलेला गोड पदार्थ) झाले, वाढता वाढता नव्वद माणसांची मेजवानी झाली. दुसऱ्या दिवशी शेजारी चरफडले: यांच्याकडेच एवढं कसं? यांना काय कमी सोसावं लागलं? चार घोडेस्वार येताना दिसले, पण कोणी धावत जाऊन सांगितलं नाही. कोणी मुलगा पाठवला नाही. हेवा हा किती घरगुती दोष आहे, आणि त्याची किंमत एक तान्हं मूल.

अठरा वर्षांनी त्याच शेजाऱ्यांकडे डेन्व्हर जाते. सेथची धाकटी मुलगी, नदीवर होडीत जन्मलेली, कित्येक वर्षांत अंगणाबाहेर न पडलेली. घरात आई बिलव्हेडच्या पायाशी बसून सुकत चालली आहे आणि खायला काही नाही. पायरीवर डेन्व्हर थबकते. तिला मेलेल्या आजीचा आवाज ऐकू येतो. बाहेर धोका आहे का, तर आहे. बचाव आहे का, तर नाही. मग करायचं काय? हे सगळं ठाऊक असू दे आणि अंगणाबाहेर जा. ती जाते, पूर्वीच्या शिक्षिकेच्या दारी उभी राहते आणि काम मागते.

त्यानंतर अंगणाच्या कडेला झाडाच्या खोडावर अन्न यायला लागतं. पांढऱ्या घेवड्याची पिशवी. ताटलीत सशाचं थंड मांस. टोपलीत अंडी. भांडं परत करायचं म्हणून त्याच्यावर किंवा आत नावाची चिठ्ठी असते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी फुली काढलेली असते, तिच्याभोवती काहीतरी नक्षी, आणि मग शिक्षिका भांडं किंवा झाकलेलं फडकं बघून ओळखायचा प्रयत्न करते की हे कोणाकडचं. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे इथल्या कोणाला सांगायला नको. डेन्व्हर भांडी रिकामीच परत करते, पण प्रत्येक दारात दोन शब्द बोलते. बायका तिला सांगतात, तुझी आजी अशी होती, तू लहान होतीस तेव्हा मी त्या घरात आले होते. तिला आपला इतिहास भांड्यांबरोबर मिळतो. बाहेरून आलेलं पाणी म्हणतात ते हेच. सेथ एकटीच्या बळावर अठरा वर्षं उभी राहिली, त्यातून ती वाचली नाही. वाचवायला घेवड्याची पिशवी आली.

जॉर्जियात पॉल डी सुटला तोही असाच. सेहेचाळीस माणसं एका साखळीत. पावसाने चिखल वितळला, एकाने साखळीला हिसका दिला आणि सगळे त्या चिखलातून एकामागोमाग निसटले. एक जरी हरवला असता तर सगळे हरवले असते. बांधणारी साखळीच त्यांना एकमेकांची दिशा दाखवत होती. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचा. मॉरिसन यांनी ते तसेच वाचले जावेत म्हणून लिहिले आहेत असं मला वाटतं.

शेवटी तीस बायका १२४ समोर जमतात. पुढाकार एलाचा, त्याच वस्तीतल्या बाईचा, जिला सेथचं कृत्य कधीच पटलं नाही. एलाने स्वतः एका अत्याचारातून झालेल्या मुलाला दूध पाजायचं नाकारलं होतं. भूतकाळ असा घरात घुसून वर्तमान खाऊ लागला तर ते चालणार नाही, एवढंच तिचं म्हणणं. बायका गातात, ओरडतात. त्याच वेळी एक गोरा म्हातारा गाडीतून येतो. तो खरं तर डेन्व्हरला कामावर न्यायला आलेला, पण सेथला पुन्हा तोच दिवस दिसतो. ती बर्फ फोडायचा टोच्या घेऊन धावते. या वेळी ती मुलीकडे वळत नाही, त्या माणसाकडे धावते. आणि या वेळी अंगणात माणसं आहेत, ती तिला अडवतात. अठरा वर्षांपूर्वीचा प्रसंग जसाच्या तसा पुन्हा मांडून त्यात हे दोनच बदल केले आहेत. तुमच्या ‘ती रेझिलियंट कशी?’ या प्रश्नाचं उत्तर लिहायला यापेक्षा भक्कम जागा नाही.

तुमचा उरलेला प्रश्न: तिने केलं ते बरोबर की चूक? पॉल डी तिला म्हणतो, तुला दोन पाय आहेत, चार नाहीत. ते ऐकून ती तुटते, कारण हाच स्कूलटीचरचा रकाना झाला. तुम्ही निकाल देऊ नका. कादंबरीतल्या एकाही शहाण्या माणसाला तो देता आलेला नाही आणि निबंधात तो देण्याच्या नादात बहुतेकांची दोन पानं वाया जातात.

मराठी वाचक म्हणून एक गोष्ट सांगते, ती निबंधात घालायची की नाही ते तुम्ही ठरवा. कादंबरी जिथे सुरू होते ते साल १८७३. त्याच वर्षी पुण्यात महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली आणि ती त्यांनी अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केली ज्यांनी निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा ही त्यांची इच्छा. इथून फुले तिकडच्या मुक्तीकडे आशेने बघत होते तेव्हा तिकडे, कायद्याने मुक्त झालेल्या घरात, मॉरिसन यांची सेथ मुक्त कसं व्हायचं ते शोधत होती. दोघांचा काही संबंध नाही आणि तो जोडण्याचा आग्रहही नाही. पण ‘गुलामगिरी’ वाचलेल्या माणसाला बेड्या मनावरही असतात हे नव्याने शिकावं लागत नाही.

निबंधाचा शेवट करताना शेवटचा संवाद पुन्हा वाचा. सेथ बेबी सग्जच्या बिछान्यात पडली आहे. बिलव्हेड गेली. ती म्हणते, माझ्याजवळचं सर्वांत चांगलं तेच होतं. पॉल डी तिला सांगतो की तुझ्याजवळचं सर्वांत चांगलं तू स्वतः आहेस. तिचं उत्तर दोन शब्दांचं आहे: मी? मी? दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह आहे. तपासलेल्या उत्तरपत्रिकांत बहुतेकांनी ते वगळून ‘सेथ अखेर मुक्त होते’ असं लिहिलेलं मी पाहिलं. तुम्ही ते प्रश्नचिन्ह तसंच ठेवा. आणि त्याआधीचं एक पान चुकवू नका, डेन्व्हर रस्त्यात पॉल डीला भेटते ते. ती रात्री एका गोऱ्या घरी कामाला जाते, दुपारच्या कामासाठी शर्टांच्या कारखान्यात विचारायला निघाली आहे, घरातली बाई तिला पुस्तकंही शिकवते. पॉल डीच्या मनात येतं की गोऱ्या शिक्षकाइतकं धोकादायक जगात काही नाही. तो ते तोंडावर आणत नाही. तिची तब्येत विचारतो, आईची विचारतो आणि तिला कामाला जाऊ देतो.